ग्राफवाल्या मॅडम

आमच्या डेअरीत कुणीही एखादा आकडा सांगितला, की ग्राफवाल्या मॅडम मान किंचित तिरकी करून विचारायच्या, “कशापेक्षा?” दूध वाढलं म्हणा, खप घटला म्हणा, डिझेल जास्त लागलं म्हणा, प्रश्न तोच. आवाजात खोच नसायची. खरंच जाणून घ्यायचं असायचं त्यांना. पुढे पुढे कँटीनमध्ये हा खेळच झाला. “आज लई ऊन हाय,” असं कुणी म्हणालं की कोपऱ्यातून आवाज यायचा, “कशापेक्षा?” आणि सगळी कँटीन हसायची. मॅडमही हसायच्या. पण सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याच प्रश्नानं भल्याभल्यांची जीभ अडखळायची. उत्तर द्यायचं तर मागचा महिना, मागचा उन्हाळा, शेजारचा रूट आठवावा लागे. आम्हाला सवय होती ती फक्त आजचा आकडा मोठ्यानं वाचायची.

त्यांचं नाव सुजाता गायकवाड. डेअरी नांदेड शहराच्या बाहेर, आणि बिलोली, देगलूर, अहमदपूर अशा सगळ्या अंगांनी तिथं सकाळ-संध्याकाळ दुधाच्या गाड्या येत. मी संकलन विभागात होतो, म्हणजे गावोगावच्या दूध केंद्रांशी बोलणं, त्यांच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी धंदा शून्यातून उभा केला होता आणि कागदापेक्षा स्वतःच्या नाकावर त्यांचा जास्त भरवसा. दुधाच्या कॅनचं झाकण उघडून वास घेतला की ते निकाल द्यायचे. बँकेच्या लोकांनी फारच लकडा लावला म्हणून त्यांनी ‘एमआयएस ऑफिसर’, म्हणजे सगळ्या आकड्यांचे अहवाल करणारा, अशी एक जागा काढली आणि त्या जागेवर मॅडम आल्या. त्यांना बसायला स्टेशनरीच्या खोलीला लागून एक कोपरा मिळाला. तिथल्या रिकाम्या भिंतीकडे पाहून त्या म्हणाल्या होत्या, “ही भिंत मला मिळंल का?” टेबल मागतील, पंखा मागतील असं आम्हाला वाटलं होतं. भिंत मागणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे वेड कुठून लागलं? विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुलगी बँकेच्या परीक्षा देते, सरकारी नोकरी बघते. ही भिंतीवर कागद चिकटवत का बसते? तेव्हा त्यांनी आईची गोष्ट सांगितली. त्यांची आई बिलोली तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका. अंगणवाडीत लेकरांच्या वजनाचा तक्ता असतो. वय आडवं, वजन उभं, आणि मधून जाणारे रंगीत पट्टे. लहानपणी मॅडम आईबरोबर बसून त्यावर ठिपके देत. “आई बायांना किलोत सांगायची तेव्हा बाया मान डोलवून निघून जायच्या,” त्या म्हणाल्या. “पण ठिपका पट्ट्यातून खाली घसरलेला आईनं बोटानं दाखवला, की तीच बाई तिथंच खाली बसायची. म्हणायची, मग आता काय करू?” आणि मग जरा थांबून, “मी कुठलाही ग्राफ काढला की हेच बघते. बघणाऱ्याच्या तोंडून ‘मग काय करू’ आलं पाहिजे. नसंल येत तर फाडून टाकायचा.”

आणि त्या खरोखरच फाडायच्या. आम्हाला त्याचं वाईट वाटायचं, कारण कागद देखणे असत. त्यांच्या आधी आमच्याकडे कम्प्युटरवाला पोरगा सात रंगांची गोल चकती काढून अहवालाच्या पहिल्या पानावर लावायचा. मॅडमनी ती पाहिली आणि म्हणाल्या, “रंगपंचमी चांगली हाय, पण यात मी बघायचं काय?” त्यांचे स्वतःचे ग्राफ म्हणजे सगळ्या रेघा राखाडी आणि एकच रेघ रंगीत. जी बघायला हवी ती. अण्णांना सुरुवातीला हे कंजूषपणाचं वाटलं. “गायकवाड मॅडम, आपल्याकडं रंगीत प्रिंटर हाय की,” असं त्यांनी मोठ्या मनानं सांगूनही पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही मीटिंगमध्ये सगळ्यांना एकदम बोलू देता का?” अण्णा कुणालाच बोलू देत नसत, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं.

त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली होती आणि तिच्यामुळेच मला त्या जास्त कळल्या. देगलूरच्या रूटवर सय्यदभाई नावाचे जुने ड्रायव्हर होते. मॅडमनी सगळ्या गाड्यांच्या वेळा काढून भिंतीवर लावल्या, त्यात देगलूरची रेघ मध्येच बराच वेळ आडवी पडलेली होती. म्हणजे गाडी कुठंतरी थांबून राहते. ग्राफवर कुणाचं नाव नव्हतं, पण देगलूरची गाडी कोण चालवतं हे सगळ्या डेअरीला ठाऊक. “काय सय्यदभाई, सासुरवाडी लागते का मधे?” अशी थट्टा सुरू झाली. सय्यदभाई आमच्याबरोबर चहा घ्यायचे बंद झाले. कॅन उतरवायचे आणि गाडीतच बसून राहायचे.

ही गोष्ट मॅडमच्या कानावर गेली तेव्हा त्या दुसऱ्या दिवसाची रजा टाकून त्याच संध्याकाळच्या एसटीनं देगलूरला नातेवाइकांकडे मुक्कामाला गेल्या, आणि सकाळी सय्यदभाईंच्या शेजारी बसून परत आल्या. रस्त्यात एका नाल्यावरचा पूल खोदून ठेवला होता. गाड्या शेतातल्या कच्च्या वाटेनं वळसा घालून जात होत्या आणि त्या वाटेवर कॅन आपटू नयेत म्हणून सय्यदभाई गाडी अक्षरशः चालत्या माणसाच्या वेगानं नेत. मॅडमचा हिशेब बरोबर होता, अर्थ चुकला होता. आल्या आल्या त्यांनी तो कागद उतरवला. त्याच मापाचा नवा कागद लावला, वळशाचा भाग दाखवून, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं: ‘मागच्या आठवड्यात इथं लावलेला ग्राफ चुकीचा होता. चूक माझी.’ त्याखाली स्वतःची सही.

सय्यदभाई त्या भिंतीपुढे बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “शिंदेसाब, गलती तो सबसे होती. पर दीवार पे लिहून कोन लावतंय हो?” त्या दिवशी ते कँटीनमध्ये आले आणि मॅडमचा चहा त्यांनी सांगितला. तेव्हापासून मॅडमनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. ज्या रस्त्याचा ग्राफ काढायचा त्या रस्त्यानं आधी एकदा जाऊन यायचं. साहेब लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटे. पण हळूहळू असं झालं की मॅडम गाडीत बसून येताना दिसल्या की ड्रायव्हर स्वतःहून गाडी थांबवून सांगायचे, मॅडम, हे बघा, इथं असं हाय.

मग तो उन्हाळा आला. त्या वर्षी बिलोलीकडचं दूध सारखं नासायला लागलं. डेअरीत गाडी आली की प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध नळीत घेऊन उकळून बघतात. गुठळी झाली की कॅन परत. बिलोलीच्या गाडीचे कॅन परत जाऊ लागले आणि परत गेलेल्या दुधाचं काय होतं हे गावात जाऊन बघावं लागायचं ते मला. एका केंद्रावर चंद्रकलाबाई नावाची बाई काम बघायची. परत आलेला कॅन तिच्या दारात उतरला की गल्लीतल्या बाया गोळा व्हायच्या. कुणाची म्हैस, कुणाच्या दोन गाई. सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये, त्यामुळे कुणाचं चांगलं नि कुणाचं वाईट हे कोण सांगणार? बाया एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या होत्या. भांडी नीट धुवत नाहीस, पाणी घालतीस, काल रात्रीचं मिसळतीस. ज्या बायका वर्षानुवर्षं एका ओट्यावर बसल्या त्या बोलेनाशा झाल्या.

अण्णांनी निर्णय घेतला: बिलोली रूट बंद. लांबचा रूट, दूध कमी, त्यात कटकट. प्लँटचे इन्चार्ज बिरादार साहेब यांनीही तेच सांगितलं. बिरादार साहेब उदगीरकडचे, घरात कानडी, कामावर मराठी आणि रागावले की दोन्ही. प्लँट म्हणजे त्यांचा जीव. अण्णांच्या पहिल्या दिवसापासूनचा माणूस. ते म्हणाले, “अण्णा, घाण दूध आलं तर माझं मशीन काय करंल? गावातच गडबड हाय.” रूट बंद होणार हे गावात सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मी चंद्रकलाबाईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “सायब, महिनाभर थांबा की. पोरीची बारावी हाय. लातूरला क्लासला घातलीय दुधावर.” मी परत येऊन मॅडमच्या भिंतीपुढच्या खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, “दूध गावातून निघताना कसं असतं, हे कुणी बघितलंय का?”

कुणी बघितलं नव्हतं. बघायचं काम गावाचं नव्हतं, रस्त्याचं नव्हतं. डेअरीत आलं की आमचं. गाडी गावातून किती वाजता निघाली हे माझ्या विभागाकडे असायचं. गेटवर किती वाजता आली हे वॉचमनकडे. दूध टाकीत किती वाजता पडलं हे प्लँटकडे. तिन्ही गोष्टी रोज लिहिल्या जात होत्या आणि त्या कधीच एकमेकींना भेटल्या नव्हत्या. मॅडमनी त्या पहिल्यांदा एका कागदावर आणल्या. त्याआधी अर्थातच त्या बिलोलीला गेल्या. गाडीत कॅनच्या शेजारी बसून, हातात थर्मामीटर घेऊन.

तयार झालेला ग्राफ इतका साधा होता की मला आधी त्यात काही दिसलंच नाही. प्रत्येक गाडीची सकाळ म्हणजे एक आडवी पट्टी. पट्टीचा पहिला तुकडा गावातला वेळ, दुसरा रस्त्यातला. हे दोन्ही राखाडी. तिसरा तुकडा नारिंगी: गेटच्या आत आल्यापासून दूध टाकीत पडेपर्यंतचा. जवळच्या गाड्यांच्या पट्ट्यांना टोकाशी नारिंगी रंगाचं नुसतं बोट लागलं होतं. बिलोलीच्या पट्टीचा नारिंगी तुकडा मात्र रस्त्याच्या तुकड्याइतका लांब होता.

“म्हणजे दूध नासतं ते...” मी म्हणालो.

“आपल्या यार्डात,” मॅडम म्हणाल्या. “गाडी उन्हात उभी राहते. तेव्हा उतरवणाऱ्यांची पाळी बदलत असते. पहिली पाळी आवरून राहिली, दुसरी अजून कपडे बदलून राहिली. जवळच्या गाड्या तोपर्यंत उतरून गेलेल्या. लांबची नेमकी त्या मधल्या वेळात येते.”

मला आनंद झाला. परवाच सोमवार. भर मीटिंगमध्ये हा कागद बिरादार साहेबांच्या समोर ठेवायचा आणि त्यांचं तोंड बघायचं, असं माझ्या मनात आलं आणि मी तसं बोललोही. मॅडमनी कागदाची गुंडाळी केली. “चला, त्यांना आत्ताच दाखवून येऊ.”

“आत्ता? मीटिंगच्या आधी?”

“सर, चारचौघांत दाखवला तर ते ग्राफ बघतील का, चारचौघांना बघतील?”

आम्ही प्लँटच्या केबिनमध्ये गेलो. बिरादार साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला आणि त्यांचा आवाज चढला. “म्हणजे दूध मी नासवलं म्हणता तुम्ही? पंधरवडा झाला न्हाई भिंतीवर कागदं लावायला, अन् मला शिकवता?” मॅडमना येऊन चांगलं वर्ष झालं होतं, पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. साहेब बोलून थांबले तेव्हा म्हणाल्या, “साहेब, यात तुमचं नाव कुठं हाय?”

साहेबांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. नाव नव्हतंच. गाडीचं गाव आणि पट्टी. माणसाचं नाव कुठंच नाही. मॅडम पुढे म्हणाल्या, “पाळीची वेळ ठरली तेव्हा बिलोलीची गाडी सुरूच नव्हती झाली. कुणी चुकीचं केलं असं न्हाई. नंतर गाडी वाढली, वेळ तीच राहिली.”

बिरादार साहेब उठले, आमच्याकडे न बघता बाहेर गेले. आम्हाला वाटलं, थेट अण्णांकडे निघाले. पण ते यार्डात गेले. बिलोलीची गाडी तिथंच उभी होती. त्यांनी एका कॅनवर तळहात ठेवला आणि लगेच मागे घेतला. मग दुसऱ्या कॅनवर ठेवला. आम्ही केबिनच्या खिडकीतून बघत होतो. तेवढ्या उन्हात ते टोपी न घालता उभे होते, गाडी उतरून होईपर्यंत. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाले, “हा कागद राहू द्या माझ्याकडं.”

सोमवारी मीटिंगमध्ये त्यांनी तो स्वतः मांडला. त्यांच्या पद्धतीनं, टेबलावर मूठ आपटत. पाळीची वेळ बदलायची, लांबच्या गाडीला आधी जागा द्यायची, यार्डात वरून पत्रा टाकायचा. अण्णांनी कागद हातात घेऊन विचारलं, “हे कुणी काढलं?” बिरादार साहेब म्हणाले, “आमच्या प्लँटचं हाय.” मी मॅडमकडे पाहिलं. त्या समोरच्या बिस्किटाच्या बशीकडे बघत होत्या. अण्णा खूश झाले, बिरादार साहेबांची पाठ थोपटली आणि बिलोली रूट राहिला.

मीटिंग सुटल्यावर जिन्यात मी भडकलो. रजा तुमची गेली, उन्हात गाडीत तुम्ही बसलात, शिव्या तुम्ही खाल्ल्या आणि कौतुक त्यांचं? मॅडम पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, “आमचं हाय म्हणाले ना? मग आता सांभाळतील. माझं म्हणाले असते तर मी गेल्यावर काढून टाकला असता.” आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून बिरादार साहेबांनी प्लँटच्या दारावर तसलाच एक कागद लावला. सकाळी शेवटची गाडी उतरली की स्वतः स्केचपेन घेऊन पट्टी रंगवायचे. नारिंगी तुकडा जरा लांबला तर पाळीवरच्या लोकांना बोलवून विचारायचे, आज काय झालं? दूध नासायचं थांबलं. काही आठवड्यांनी मी चंद्रकलाबाईच्या केंद्रावर गेलो तर ओट्यावर बाया पुन्हा एकत्र बसलेल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की चूक तुमच्या कुणाचीच नव्हती, आमच्या दारात व्हायची. त्यावर एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “बघ गं, मी उगंच तुझ्या दुधाच्या बारडीचा वास घेत होते.” मॅडमना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदा खळखळून हसल्या आणि नंतर डोळे पुसले.

असं सगळं छान चालू असताना अण्णांची तब्येत बिघडली आणि धाकटे मालक कारभार बघू लागले. अण्णांचा हा मुलगा बाहेर शिकून आलेला, हुशार, धडपड्या, कामाला वाघ. त्याला मॅडमच्या भिंतीचं कौतुक होतं. म्हणूनच गोष्ट बिघडली. त्यानं भिंतीच्या जागी मोठी स्क्रीन आणली. तिच्यावर सगळी केंद्रं, सगळे ड्रायव्हर, नाव आणि फोटोसकट. वर पहिले, खाली शेवटचे. शेवटच्यांचे फोटो लाल चौकटीत. आणि हे सगळं दिवसभर कँटीनमध्ये दिसत राहणार.

मॅडमनी हे करायला नकार दिला. त्या वेळी मी तिथं होतो. धाकटे मालक रागावले नव्हते, समजावत होते. “मॅडम, तुम्हीच आकडे दाखवायला शिकवलं. लोकांना जरा लाज वाटली की काम सुधारतं.”

“काम न्हाई सुधारत, सर,” मॅडम म्हणाल्या. “लाज वाटली की लोक आकडे सुधारतात.”

“एकदा करून तर बघू.”

“तुम्ही करा. माझ्या हातून न्हाई व्हायचं.”

आवाज चढला नाही, दार आपटलं नाही. त्यांनी राजीनामा दिला. मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. नोकऱ्या काय रस्त्यावर पडल्यात का, म्हणालो. लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलं होतं त्यांना, पगार इथल्यापेक्षा कितीतरी कमी. निघायच्या दिवशी मीही गावाकडे, अहमदपूरला जात होतो, म्हणून एकाच एसटीत बसलो. लोहा मागे पडल्यावर त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, “आईला सांगितलं फोनवर. मला वाटलं, चिडंल. ती म्हणाली, ज्या घरचं लेकरू लाल पट्ट्यात आलं त्या घरची बाई जर अंगणवाडीत यायचीच बंद झाली, तर तक्ता काय कामाचा? बरं केलंस.” अहमदपूरच्या स्टँडवर मी उतरलो. खिडकीतून त्यांनी हात हलवला आणि मग लगेच पिशवीतून कुठलंसं पुस्तक काढून वाचायला लागल्या. मला ते बरंच वाटलं. रडणारी माणसं मला सांभाळता येत नाहीत.

पुढचे काही महिने स्क्रीनवर सगळं उत्तम होतं. गाड्या वेळेवर, दूध भरपूर, लाल चौकटी जवळजवळ नाहीशा. फक्त बाजारातून नासलेल्या दुधाच्या पिशव्या परत यायला लागल्या. लातूरच्या दुकानदारांनी तक्रार केली, मग नांदेडच्या. ड्रायव्हर गेटबाहेर गाडी लावायचे, वॉचमनला सांगून वेळ आधीची टाकायचे. केंद्रवाले जे दूध परत जाणार ते आधीच दुसऱ्याच्या नावावर घालायचे. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. एक सय्यदभाई तेवढे खरी वेळ टाकत आणि म्हणून त्यांचा फोटो रोज लाल चौकटीत. धाकट्या मालकांनी एका सकाळी त्यांना बोलावून विचारलं, तुम्ही एवढे जुने, तुमचंच असं का? मी बाहेर बसलो होतो. सय्यदभाई म्हणाले, “मालिक, बाकीचे तुमच्या टीव्हीला दूध देऊन राहिले. मी डेअरीला देतो.”

मी आत जाईपर्यंत सय्यदभाई बाहेर आले होते. धाकटे मालक स्क्रीनकडे बघत बसले होते. म्हणाले, “शिंदे, गायकवाड मॅडम कुठं असतात आता?”

मॅडम लातूरला कॉलेजमध्ये शिकवत आणि शनिवारी दुपारी एक वर्ग घेत. डाळ मिलवाले, औषधांचे घाऊक दुकानदार, एका दवाखान्याच्या दोन नर्स, असे काम करणारे लोक तिथं आपापल्या धंद्याचे आकडे घेऊन यायचे आणि मॅडम त्यांना ते मांडायला शिकवायच्या. मी मालकांना म्हटलं, त्या परत येतील असं वाटत नाही. ते म्हणाले, “मी त्यांना आणायला जात नाहीये.” शनिवारी आम्ही दोघं लातूरला गेलो. मॅडमनी आम्हाला पाहिलं, मान हलवली आणि शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. एवढ्या मोठ्या डेअरीचा मालक डाळ मिलच्या मुनिमाशेजारी बसला.

ते दर शनिवारी जाऊ लागले. स्क्रीन त्यांनी कुणी न सांगता बंद केली. मॅडमनी त्यांना एकदाही जुनं काही ऐकवलं नाही. त्यांना वेगळी वागणूकही दिली नाही. उलट एकदा त्यांच्या वहीतला ग्राफ सरळ फाडून हातात दिला आणि म्हणाल्या, “सर, हे शोभेचं झालं.” मालकांचे कान लाल झाले. पण पुढच्या शनिवारी ते पुन्हा हजर.

मागच्याच महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी मीही सोबत होतो. मालकांनी या वेळी स्वतःच्या हातानं एक कागद काढून आणला होता. बाजारातून परत आलेल्या पिशव्या आणि त्यामागे डेअरीतलंच काय काय चुकतंय ते. त्यात त्यांनी स्वतः घेतलेले दोन चुकीचे निर्णयही मांडले होते. मॅडमनी तो टेबलावर पसरला. दोन्ही हात टेकवून त्या खूप वेळ बघत राहिल्या. वर्गातली माणसंही उठून भोवती जमली. मालक विद्यार्थ्यासारखे हात मागे बांधून उभे.

“चांगला झालाय,” अखेर मॅडम म्हणाल्या. आमच्या ओळखीत त्यांच्या तोंडून हा शब्द मी फारच थोड्या वेळा ऐकलाय. त्यांनी कागदाची नीट गुंडाळी केली, तिला रबर लावलं आणि मालकांच्या हातात दिली. “आता मला कशाला दाखवता? ज्यांचं काम यात हाय त्यांना दाखवा.”

नांदेडला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मी ऑफिसच्या दाराशी उतरायला लागलो तर ते म्हणाले, “बसा, शिंदे,” आणि त्यांनी गाडी सरळ मागे यार्डात घेतली. संध्याकाळच्या गाड्या लागल्या होत्या. कॅन उतरवणाऱ्या माणसांनी मालक आलेले पाहून घाईनं बिड्या विझवल्या. मालक खाली उतरले, एक कॅन पालथा घालून त्यावर कागद उलगडला, वारा लागू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर स्वतःचा मोबाइल ठेवला आणि म्हणाले, “जरा इकडं या सगळे. यातलं जे मला कळत नाही, ते तुम्ही सांगा.”

सगळ्यांत आधी बिरादार साहेब प्लँटच्या दारातून बाहेर आले, कागदाजवळ गुडघ्यावर बसले आणि खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवू लागले.